सी मध्ये फाइल वाचताना मध्येच एरर आली तर प्रोग्रॅमने काय करावं?

सुमेधा_क

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे एक जुना सी प्रोग्रॅम आहे. मापन यंत्रं दर सेकंदाला एक नोंद बायनरी फाइलमध्ये टाकतात, प्रत्येक नोंद ३२ बाइटची. प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, सरासरी काढतो आणि अहवाल लिहितो. मध्यंतरी एका अहवालात दिवसाचे शेवटचे काही तास गायब होते. प्रोग्रॅम मात्र शून्य (म्हणजे "सगळं ठीक") परत करून व्यवस्थित संपलेला, कुठे एका ओळीची तक्रार नाही. शोधता शोधता सिस्टीमच्या लॉगमध्ये डिस्कची आय/ओ (वाचन-लेखनाची) एरर सापडली. म्हणजे एफरीडला (फाइलमधून वाचणारं सीचं फंक्शन) पुढचं वाचता आलं नाही, त्याने कमी नोंदी परत दिल्या, आणि लूपने "फाइल संपली" असं समजून गाशा गुंडाळला.

लूप दुरुस्त करणं अवघड नाही. आमच्यात वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर. माझं ठाम मत असं की अर्धा डेटा पूर्ण असल्यासारखा पुढे जाणं हे काहीच न मिळण्यापेक्षा वाईट. प्रोग्रॅमने तिथेच थांबावं. एका सहकाऱ्याचं म्हणणं, जेवढं वाचता आलं त्यावर अहवाल द्यावा, सोबत एक इशारा छापावा. तुम्ही काय करता?

बिटवाला

थांबायचं की पुढे जायचं हे ठरवण्याआधी प्रोग्रॅमला एरर आली हे कळलं तर पाहिजे. तुमच्या लूपला ते कळतच नव्हतं, आणि सीमधला निम्मा कोड याच अवस्थेत असतो.

एफरीड मागितल्यापेक्षा कमी देतं तेव्हा कारणं दोनच. फाइल संपली किंवा वाचन फसलं. परत आलेल्या आकड्यावरून यातलं कोणतं ते कळत नाही. म्हणून लूप चालवायचा तो एफरीडने दिलेल्या आकड्यावर, आणि लूपमधून बाहेर पडल्या पडल्या एफएररला (एरर आली का हे सांगणारं फंक्शन) विचारायचं. त्याने शून्याव्यतिरिक्त काही दिलं तर वाचन फसलंय. एवढी एक ओळ असती तर हा धागा निघालाच नसता.

आणखी एक बघा: एफरीडला एका घटकाचा आकार आणि घटकांची संख्या कोणत्या क्रमाने दिलीय? आकार ४०९६ आणि संख्या १ अशी दिली असेल तर फाइलच्या शेवटी ४००० बाइट मिळूनही उत्तर शून्य येतं, कारण पूर्ण झालेला घटक एकही नाही. आकार १ ठेवा, संख्येत बाइट मागा, म्हणजे नेमके किती मिळाले ते कळतं.

रात्रपाळी

"जोवर एफईओएफ नाही तोवर वाच" असा लूप आहे का तुमच्याकडे? असेल तर आधी तो काढा.

एफईओएफ पुढे डोकावून बघत नाही. आधीचं वाचन शेवटाला धडकलं होतं का, एवढंच ते सांगतं. त्यामुळे शेवटची नोंद वाचून झाली तरी ते अजून "नाही" म्हणतं, लूप आणखी एक फेरी मारतो, वाचन रिकाम्या हाताने परत येतं, बफरमध्ये (वाचलेला डेटा ठेवायच्या जागेत) जुनीच नोंद पडलेली असते आणि ती दुसऱ्यांदा मोजली जाते.

पण खरं संकट वेगळं आहे. वाचन एररमुळे फसलं तर शेवटाची खूण कधी लागतच नाही. एफईओएफ जन्मभर "नाही" म्हणत राहतं आणि लूप फिरत राहतो. हे बघायला खराब डिस्क नको. लिनक्सवर अशा प्रोग्रॅमला फाइलऐवजी डिरेक्टरीचं नाव द्या. एफओपन वाचनासाठी ती खुशाल उघडतं, पहिलंच वाचन ईआयएसडीआयआर ("ही तर डिरेक्टरी आहे") म्हणजे एरर २१ देऊन फसतं आणि प्रोग्रॅम प्रोसेसर खात बसतो. लूपमध्ये लॉग लिहिणारी ओळ असेल तर डिस्क भरेपर्यंत लिहितो. रात्रीतून सर्व्हर आडवा झालेला पाहिलाय मी यामुळे.

मुक्तछंद

मी अजून शिकतोय, म्हणून विचारतो. मग एफईओएफ आहे तरी कशासाठी?

बिटवाला

@मुक्तछंद, वाचन थांबल्यानंतर "का थांबलं" हे विचारण्यासाठी. लूपच्या अटीत त्याला जागा नाही, लूपच्या नंतर आहे.

खडूफळा

मुक्तछंद, चांगला प्रश्न. त्याला लागूनच येणारी गोष्ट सांगते, कारण दर वर्षी वर्गात हीच अडते.

एफगेटसी एकेक बाइट देतं, पण परतीचा प्रकार इंट (मोठा पूर्णांक) आहे, कॅर (एका बाइटचा) नाही. ० ते २५५ ही सगळी मूल्यं खऱ्या बाइटसाठी लागतात, मग "आता काही उरलं नाही" हे सांगायला त्याबाहेरचं एक मूल्य हवं. ते म्हणजे ईओएफ, ऋण संख्या, बहुतेक ठिकाणी उणे एक. मुलं हे उत्तर कॅरमध्ये साठवतात आणि मग ईओएफशी ताडून बघतात. नेहमीच्या इंटेल मशीनवर कॅर चिन्हयुक्त (ऋण मूल्यंही घेणारा) असतो, तिथे २५५ मूल्याचा बाइट उणे एक होऊन बसतो आणि लूप फाइलच्या मध्यातच थांबतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये कॅर चिन्हरहित असतो, तिथे ईओएफ साठवताना त्याचं २५५ होतं, ते उणे एकशी कधीच जुळत नाही आणि लूप संपतच नाही. तोच कोड, दोन मशीनवर दोन वेगळे आजार.

हे लवकर सापडत नाही कारण आपण चाचणी साध्या मजकुरावर घेतो. यूटीएफ-८ (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये २५५ मूल्याचा बाइट कुठेच येत नाही. देवनागरी मजकूर टाका, इंग्रजी टाका, इंटेलवर सगळं सुरळीत चालतं. पहिलं चित्र किंवा झिप फाइल दिली की फाइल अर्धवट वाचली जाते.

आणि एफगेटसीने ईओएफ दिलं तरी त्याचे अर्थ दोनच: संपलं किंवा फसलं. पुन्हा एफएरर आलंच.

दीर्घसूत्री

सुमेधा, तुमच्या सरसकट "थांबावं" ला माझा विरोध आहे.

खराब झालेल्या डिस्कवरून जमेल तेवढं वाचवणारी डीडीरेस्क्यू सारखी साधनं घ्या. त्यांचं कामच एररच्या पुढे जाणं आहे. न वाचता आलेला भाग सोडून पुढे सरकायचं, आणि कुठला भाग राहिला त्याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची. व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने चार फ्रेम गेल्या म्हणून बंद पडावं का? नोंदी चाळायच्या साधनाने एका खराब ब्लॉकमुळे बाकीच्या लाखभर ओळी लपवाव्यात का?

आणि लायब्ररीच्या आतून थेट एक्झिट मारणारा कोड तर मला अजिबात मान्य नाही. वापरणाऱ्याने न साठवलेलं काम बाजूच्या खिडकीत असू शकतं. लायब्ररीने फक्त सांगावं, निर्णय वरच्याने घ्यावा.

सुमेधा_क

@दीर्घसूत्री, लायब्ररीबद्दल पूर्ण सहमत. पण आमच्या अहवालावर पुढे कोणीतरी यंत्राची देखभाल ठरवतं. सरासरीचा आकडा एकदा तक्त्यात बसला की सोबतचा इशारा कोण वाचतो? आकडा पुढे जातो, इशारा मागे राहतो. माझी भीती ती आहे.

रात्रपाळी

दोघांच्या मधला रस्ता जुन्या युनिक्स साधनांनी कधीच काढून ठेवलाय. कॅटला (फाइली छापणारं साधन) तीन फाइली द्या, मधली अस्तित्वातच नसू द्या. ते पहिली आणि तिसरी छापतं, मधलीबद्दल तक्रार एसटीडीएरवर (एरर छापायच्या वेगळ्या वाटेवर) लिहितं, आणि शेवटी १ परत करतं. जे मिळालं ते दिलं, पण "सगळं ठीक" असं खोटं बोललं नाही.

ग्रेप (मजकूर शोधणारं साधन) आणखी नेटकं आहे: सापडलं तर ०, नाही सापडलं तर १, एरर आली तर २. "नाही सापडलं" आणि "बघताच आलं नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना दोन वेगळे आकडे आहेत. सुमेधा यांच्या प्रोग्रॅममध्ये नेमका हाच फरक पुसला गेला होता.

बिटवाला

+१. आपल्या वाचणाऱ्या फंक्शनलाही हेच लागू करा. एक नोंद वाचणारं छोटं फंक्शन लिहा, त्याची उत्तरं तीन: नोंद मिळाली, फाइल नीट संपली, वाचन फसलं. मी चौथंही ठेवतो: शेवटची नोंद अर्धवट आहे. ३२ च्या पटीत नसलेली फाइल म्हणजे लिहिणारा मध्येच मेला किंवा कॉपी अपुरी राहिली. एफएररच्या दृष्टीने ती एरर नाही, ती फक्त संपलेली फाइल आहे. तिच्यात काहीतरी बिघडलंय हे फक्त तुमच्या प्रोग्रॅमला कळू शकतं.

अनुस्वार

वाचतोय. माझ्याकडे पीएररने (एररचा संदेश छापणारं फंक्शन) एकदा चक्क "या उपकरणासाठी हे आयओसीटीएल योग्य नाही" अशा अर्थाचा संदेश छापला. मी साधी टेक्स्ट फाइल उघडत होतो. अजून उलगडा झालेला नाही.

रात्रपाळी

@अनुस्वार, तो संदेश म्हणजे ईएनओटीटीवाय ("हे टर्मिनल नाही"), लिनक्सवर एर्नो (शेवटच्या एररचा आकडा ठेवणारं चल) २५. बहुधा एफओपन फसल्यावर आणि पीएरर बोलावण्याआधी मध्ये काहीतरी छापलं असणार. छापणारी लायब्ररी पहिल्यांदा बफर तयार करताना समोर टर्मिनल आहे का हे तपासू शकते. नसेल तर एर्नोमध्ये २५ बसतो आणि तुमचा खरा आकडा पुसला जातो.

दोन नियम पाळा. फंक्शन फसल्याचं त्याच्या परतीच्या मूल्यावरून कळल्याशिवाय एर्नोकडे बघायचं नाही, कारण यशस्वी झालेलं फंक्शन एर्नो शून्य करून ठेवत नाही. आणि फसल्याचं कळलं की सगळ्यात आधी एर्नो एका स्थानिक चलात उचलून ठेवायचा, मग छापा, फाइल बंद करा, मेमरी सोडा, काय हवं ते करा.

आणि संदेशात फाइलचं नाव घाला हो. "अशी फाइल नाही" एवढंच छापणारे प्रोग्रॅम बघितले की जीव जातो. कोणती फाइल?

अनुस्वार

तेच होतं! मध्ये एक डीबगसाठीची ओळ होती. धन्यवाद.

खडूफळा

अवांतर: एफओपनने फसल्यावर एर्नो भरावा असं सीच्या मानकात लिहिलेलं नाही, ते पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) आहे. लिनक्स, मॅकवर बिनधास्त वापरा. अगदी छोट्या एम्बेडेड प्लॅटफॉर्मवर आधी लायब्ररीचं मॅन्युअल बघा.

कळसूत्र

सुरक्षितपणाचा विषय आहे म्हणून एक मुद्दा, जो अजून कोणी काढला नाही. फाइलच्या सुरुवातीला "एकूण नोंदी किती" असा आकडा असतो का? असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

समजा तो आकडा ३२ बिटांचा आहे आणि फाइल सांगते १३,४२,१७,७२९ नोंदी. प्रत्येकी ३२ बाइट. गुणाकारही ३२ बिटांतच केला तर तो २ चा ३२ वा घात ओलांडतो आणि उरतो फक्त ३२. मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) आनंदाने ३२ बाइट देतं, एकाच नोंदीपुरते. मग लूप तेरा कोटींहून जास्त नोंदी त्यात भरायला जातो. फाइल कुणी मुद्दाम अशी बनवली असेल तर हे नुसतं क्रॅश होण्यावर थांबत नाही.

उपाय: गुणाकाराआधी भागाकाराने मर्यादा तपासा, किंवा कॅलॉक (संख्या आणि आकार वेगळे घेऊन मेमरी देणारं) वापरा, आजच्या लायब्ऱ्यांमध्ये ते हा गुणाकार तपासतं. आणि मुळात इतकं सगळं एकदम मेमरीत आणायची गरज आहे का, हेही बघा. सरासरीला तर नाहीच.

मुक्तछंद

आकड्यावर विश्वास नाही तर मग फाइलचा आकार एफसीक (फाइलमधली जागा बदलणारं) आणि एफटेलने (जागा सांगणारं) काढून तेवढी मेमरी घ्यावी का? सगळीकडे तसंच शिकवलंय.

कळसूत्र

चालेल, पण तो आकार म्हणजे अंदाज समजायचा. कारणं:

एफटेल लाँग परत करतं आणि विंडोजवर लाँग ३२ बिटांचा आहे, म्हणजे दोन जीबीच्या वर खेळ खलास. फसलं तर उणे एक देतं, ते न तपासता मॅलॉकला दिलं की चिन्हरहित होऊन अवाढव्य संख्या होते. पाइपमधून डेटा येत असेल तर मागे-पुढे जाताच येत नाही. लिनक्सवर प्रॉक (सिस्टीमची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) मधल्या बहुतेक फाइलींचा आकार शून्य दिसतो, वाचायला गेलात तर मजकूर निघतो. शिवाय आकार काढला आणि वाचायला सुरुवात केली यांच्यामध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमने फाइल छाटलेली किंवा वाढवलेली असू शकते.

तुकड्या-तुकड्याने वाचत जा, बफर कमी पडला तर वाढवा. खरा आकार तोच, जो शेवटी हातात आला.

दीर्घसूत्री

विंडोजचं निघालंय म्हणून: बायनरी फाइल "आरबी" (बायनरी वाचन) मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये तिथे २६ मूल्याचा बाइट फाइलचा शेवट मानला जातो. फाइल मध्येच "संपते", एफईओएफ हो म्हणतं, एफएरर नाही म्हणतं, सगळे नियम पाळूनही डेटा अर्धा. लिनक्सवर दोन्ही मोड सारखेच, त्यामुळे तिथे ही चूक वर्षानुवर्षं दडून राहते.

गोगलगाय_२

हा धागा वाचून संपला का हे एफईओएफला विचारू नका, शेवटचा प्रतिसाद दोनदा दिसेल ः)

सुमेधा_क

ः) सगळ्यांचे आभार, खूपच उपयोगी मुद्दे. आता अडचण अशी की हे सगळं लिहीन, पण तपासू कसं? खराब डिस्क मागवून घेता येत नाही.

रात्रपाळी

येते की, लिनक्समध्ये फुकट मिळते.

सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे प्रॉक/सेल्फ/मेम (प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी) ही फाइल प्रोग्रॅमला द्या. ती उघडते, पण सुरुवातीपासून वाचायला गेलं की ईआयओ येतो, एरर ५, खराब सेक्टर देतो तीच. प्रोग्रॅमने स्पष्ट संदेश दिला आणि शून्याव्यतिरिक्त काही परत केलं तर पास.

पण ही एरर पहिल्याच घासाला येते. तुमची मध्येच आली होती. त्यासाठी एसट्रेस (प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेल्या मागण्या, म्हणजे सिस्टीम कॉल, दाखवणारं साधन) वापरा. त्यात इंजेक्ट नावाची सोय आहे, "रीड या सिस्टीम कॉलला अमुकाव्या वेळेपासून ईआयओ दे" असं सांगता येतं. एक लक्षात ठेवा: प्रोग्रॅम सुरू होताना सीची लायब्ररी चढवण्यासाठीही रीड होतात, तेही त्या मोजणीत धरले जातात. आधी इंजेक्ट न करता एकदा चालवून बघा, तुमच्या फाइलचं पहिलं वाचन कितवं आहे ते मोजा, मग त्याच्या पुढचा क्रमांक द्या.

कळसूत्र

आणि अहवाल लिहिण्याच्या बाजूला डेव्ह/फुल. त्यात लिहिलं की "जागा नाही" अशी एरर येते.

छोटा अहवाल त्यात लिहून बघाच. एफप्रिंटएफ (फाइलमध्ये लिहिणारं फंक्शन) प्रत्येक वेळी यशस्वी म्हणेल, कारण मजकूर अजून बफरमध्येच आहे. एरर कळते ती एफक्लोजला, तेव्हा बफर खरोखर बाहेर पडतो. एफक्लोजचं उत्तर कोणी बघत नाही, आणि शून्य बाइटचा अहवाल "यशस्वी" होतो. वाचलेली फाइल बंद करताना एवढी काळजी नको, पण लिहिलेलीची हवीच.

दीर्घसूत्री

त्याहूनही खाली एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणारं) आहे. २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या लोकांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता: एफसिंक एकदा फसलं, पुन्हा बोलावलं, दुसऱ्यांदा यशस्वी म्हणालं, पण मधला डेटा डिस्कवर गेलेलाच नाही, कारण लिनक्सने ती पानं (मेमरीतले डेटाचे तुकडे) स्वच्छ, म्हणजे डिस्कवर लिहून झालेली, म्हणून खूण करून टाकली होती. शेवटी त्यांनी एफसिंक फसलं की सर्व्हर सरळ पाडायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा असं ठरवलं.

तेव्हा सुमेधा, माझ्या आधीच्या विरोधात एवढी दुरुस्ती: जिथे आकडा खरा असण्यावर दुसरं काही उभं आहे, तिथे थांबण्याच्या बाजूने मीही आहे.

सुमेधा_क

मग आम्ही असं ठरवतोय. वाचणाऱ्या फंक्शनला बिटवाला म्हणतात तशी चार उत्तरं. एरर आली तर सरासरी तक्त्यात जाणारच नाही, त्या जागी "डेटा अपूर्ण" आणि कितव्या नोंदीपर्यंत वाचता आलं ते. कच्च्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये मिळतील, म्हणजे सहकाऱ्याचंही काम होईल. एक्झिट कोड २. अहवाल आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा, एफक्लोज यशस्वी झाल्यावरच खऱ्या नावावर रिनेम. एरर आल्यावर पुन्हा एकदा वाचून बघावं का, यावर मात्र अजून एकमत नाही.

बिटवाला

त्याच एफरीडला पुन्हा बोलावून नको. मानकानुसार एररनंतर फाइलमधली जागा कुठे आहे याची खात्री नसते. पुन्हा बघायचंच तर क्लिअरएररने खूण पुसा, शेवटच्या पूर्ण नोंदीपर्यंत एफसीकने परत या, आणि एकदाच बघा. खराब सेक्टरवर डिस्क स्वतःच आतून अनेकदा प्रयत्न करून मगच हार मानते, त्यामुळे वरून आणखी दहा वेळा विचारून हाती लागतो तो फक्त उशीर.

मुक्तछंद

शेवटची शंका. यंत्र अजून लिहीतच असेल आणि आपण वाचत असू, तर शेवटची नोंद अर्धवटच दिसणार ना? ती चूक कशी म्हणायची?

बिटवाला

तेव्हा ती चूक नाही, आणि म्हणूनच ते वेगळं उत्तर हवं. चालू फाइलसाठी "अर्धवट" म्हणजे "थोडं थांब", बंद झालेल्या फाइलसाठी "अर्धवट" म्हणजे बिघाड. कुठली फाइल आहे हे वरच्या कोडला माहीत असतं.

वाट बघताना दोन गोष्टी. बाइट मोजून वाचा आणि उरलेले १०-१२ बाइट जपून ठेवा, पुढचे आले की त्यांना जोडा. ३२ चा घटक मागितलात तर अर्धवट घटकाचं मूल्य काय असेल याची हमी नाही. आणि पुढचं वाचन करण्याआधी क्लिअरएरर बोलवा. पूर्वी ग्लिबसीमध्ये (लिनक्सवरची सीची लायब्ररी) ते न करताही काही फंक्शनं नवा डेटा देत असत. २०१८ च्या २.२८ आवृत्तीपासून शेवटाची खूण एकदा लागली की पुसेपर्यंत टिकते, तोवर फाइल कितीही वाढली तरी वाचन ईओएफच देतं.

मुक्तछंद

समजलं. आता प्रॉक/सेल्फ/मेम वर माझेच जुने प्रोग्रॅम चालवून बघतो.